आल्दुसचं १५०१ चं व्हर्जिल: शीर्षकपानावरचा शिक्का खरवडलेला असेल तर प्रत घ्यावी का?

जलचिन्ह
मुद्रक आल्दुस मानुत्सिओनं व्हेनिसमध्ये एप्रिल १५०१ ला छापलेलं व्हर्जिल, म्हणजे त्या रोमन कवीच्या काव्याचं पुस्तक, हे अथपासून इतिपर्यंत इटालिक खिळ्यांत छापलेलं पहिलं पुस्तक. खिळे कोरणाऱ्या फ्रान्चेस्को ग्रिफोची स्तुती करणारं तीन ओळींचं लॅटिन पद्यही आल्दुसनं त्यात घातलंय. अशा प्रतींच्या विक्रीवर्णनात कधीकधी एक निरुपद्रवी वाटणारी ओळ असते: ‘शीर्षकपानावरचा जुना शिक्का काढलेला, तिथे कागद विरळ’. हा शिक्का बहुधा ग्रंथालयाचा असतो. माझं मत असं की अशी प्रत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ग्रंथालयानं रीतसर विकलेल्या पुस्तकावर विकल्याची खूण असते. म्युनिकच्या राजग्रंथालयानं काढून टाकलेल्या जादा प्रतींवर ‘डुप्लुम’ असा वेगळा शिक्का आहे, ब्रिटिश म्युझियमनं विकलेल्या जादा प्रतींवर विक्रीचं साल असलेला आहे. रीतसर विकलेलं असेल तर शिक्का खरवडायचं कारणच काय?

पुष्पिका
कारणं आहेत, आणि ती चोरीची नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांना पान पांढरंशुभ्र लागायचं. बांधणी करणारे पुस्तक उसवून पानं धुवायचे, डाग काढायचे, कडा कापायचे आणि नव्या मोरोक्को चामड्यात बांधून द्यायचे. त्या धुलाईत शिक्का, सही, समासातल्या टिपा सगळंच जायचं. शिवाय १८०३ नंतर बव्हेरियातल्या मठांची ग्रंथालयं सरकारजमा झाली, तेव्हा असंख्य पुस्तकं बाहेर पडली. त्यातल्या प्रत्येकावर सुटकेचा शिक्का कुठून असणार? पाचशे वर्षांच्या पुस्तकाकडे सलग मालकीची साखळी मागितली तर बाजारात विकण्याजोगं फारच थोडं उरेल.

फर्मा_आठ
दोघंही शिक्क्याबद्दल बोलताय, पण धुलाई आणि खरवडणं यांतला फरक कागदावर दिसतो.

पान उजेडासमोर धरा. चाकूनं खरवडलं असेल तर एकाच जागी, बहुधा गोल किंवा लंबगोल आकारात, कागद पातळ दिसतो. मग टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरून बघा: तंतू उभे राहिलेले असतात, किंवा घोटून चपटे केल्यामुळे तेवढाच भाग चकाकतो. आता अतिनील दिवा, ३६५ नॅनोमीटरचा. रसायनानं उडवलेल्या जागचा कागद आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो. लोहयुक्त शाईतली मालकाची सही डोळ्यांना दिसेनाशी झाली असली तरी या उजेडात बऱ्याचदा काळी उमटते. समोरच्या पानावर शिक्क्याची उलटी छाप राहिलीय का, तेही पाहा. अनेक ग्रंथालयं आतल्या एका ठरावीक पानावर दुसरा शिक्का मारतात, आणि घाईत तो काढायचा राहून जातो. म्हणून प्रत्येक पान उलटा.

सगळं पुस्तक धुतलेलं असेल तर सगळीच पानं सारखी मऊ लागतात आणि खिळ्यांचा दाब बोटाला जाणवत नाही. धुलाई सगळीकडे आणि वर एकाच जागी कागद पातळ, अशी जोडी सापडली तर मी जलचिन्ह यांच्या बाजूनं.

शीर्षकपानच दुसऱ्या प्रतीतून आणलं असेल तर? आठ पानांच्या जुजात (एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) पहिलं आणि आठवं पान एकाच कागदाचं असतं. अष्टपत्रीत, म्हणजे तावाला तीन घड्या घालून आठ पानं केलेल्या पुस्तकात, जाळीच्या रेघा (कागद बनवतानाच्या साच्यातल्या तारांच्या खुणा) उभ्या असतात, त्यांमधलं अंतर या दोन पानांवर जुळायला हवं. किड्यांची भोकंही पहिल्या पानातून दुसऱ्यात सरळ गेलेली हवीत.

पुष्पिका
तपासण्या मान्य. पण त्यातून शिक्का काढला एवढंच कळतं, कोणी आणि का काढला ते नाही. चोरलेल्या पुस्तकांच्या याद्यांत प्रत नसेल तर विकणाऱ्याला चोर समजणं अन्यायाचं आहे. शिवाय इंग्लंडच्या कायद्यात सद्भावनेनं केलेल्या खरेदीला सहा वर्षं झाली की मूळ मालकाचा हक्क सहसा संपतो.

जलचिन्ह
यादीत नाव नाही याचा अर्थ पुस्तक कुणी हरवलेलं नाही असा होत नाही. नेपल्सच्या जिरोलामिनी ग्रंथालयात संचालकानंच लूट केली. त्याला २०१२ मध्ये अटक झाली. शिक्के काढले होते, जुन्या नोंदीही नाहीशा केल्या होत्या. ज्या ग्रंथालयाला आपलं काय गेलं हेच माहीत नाही, ते यादीत काय घालणार?

खूण असली तरी ती खरी असेलच असंही नाही. एकोणिसाव्या शतकातला ग्रंथचोर गुल्येल्मो लिब्री यानं फ्रान्सच्या ग्रंथालयांतून चोरलेल्या फ्लरी मठाच्या हस्तलिखितांवर फ्लॉरेन्सचं नाव दिसेल अशी फेरफार केली होती. फ्रेंच ग्रंथपाल लेओपोल्द देलीलनं ते उघडकीला आणलं. आणि सहा वर्षांचा आधार इटलीत चालत नाही. तिथे सार्वजनिक ग्रंथालयाचं पुस्तक विकताच येत नाही, सद्भावना दाखवूनही मालकी मिळत नाही.

फर्मा_आठ
यादीवरून आठवलं. १५०० पर्यंतच्या पुस्तकांच्या एकेका प्रतीवरच्या खुणा ‘मटीरियल एव्हिडन्स इन इन्क्युनाब्युला’ या माहितीसंग्रहात नोंदवतात. हे व्हर्जिल १५०१ चं, म्हणजे एका वर्षानं त्याबाहेर. इथे इटलीची ‘एडिट १६’ ही सोळाव्या शतकातल्या पुस्तकांची सूची बघायची. कुठल्या ग्रंथालयाकडे प्रत आहे ते तिथे कळतं, मग त्या ग्रंथालयाला थेट लिहायचं: तुमची प्रत कपाटात प्रत्यक्ष आहे का?

त्याआधी पुस्तक आल्दुसचंच आहे ना, हे बघा. फ्रान्समधल्या लियों शहरातल्या मुद्रकांनी नकला काढल्या. आल्दुसनं १६ मार्च १५०३ च्या जाहीर पत्रकात त्यांच्या चुका दाखवल्या, तर त्यांनी त्याच यादीवरून आपल्या चुका सुधारल्या! त्यामुळे चुकांवर विसंबू नका. पुष्पिकेत, म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या मुद्रकाच्या नोंदीत, व्हेनिस, आल्दुस, एप्रिल १५०१ हवं, आणि खिळ्यांत जोडाक्षरं (एकमेकांना जोडून ओतलेली अक्षरं) हवीत. आल्दुसनं स्वतःच तक्रार केली होती की लियोंच्या खिळ्यांत व्यंजनं स्वरांना जोडलेली नाहीत.

पुष्पिका
लिब्रीचा मुद्दा वजनदार आहे, तरी सरसकट बंदी मला पटत नाही. मी अट घालीन. धुतलेली प्रत, खरवडल्याची खूण नाही आणि जुन्या लिलावसूचीत तीच प्रत बांधणी आणि उंचीसकट ओळखू येते, तर घ्यावी. खरवडलेली असेल तर विक्रेत्यानं बिलावर लिहून द्यावं: कुठल्याही ग्रंथालयानं कधीही हक्क सांगितला तर मुदतीची अट न ठेवता पूर्ण रक्कम परत.

जलचिन्ह
तेच ग्रंथालय समोर आलं तेव्हा विक्रेत्याचं दुकान बंद झालेलं असेल, तर? त्या कागदाला तेव्हा किंमत नाही. शिक्का कोणाचा हे आधी शोधा, त्या ग्रंथालयाचं लेखी उत्तर आणा, मग पैसे द्या.