भेटीचा दिवस आणि अधीक्षिका

‘पालक भेटून गेले की मुलं दोन दिवस बिथरतात, मग भेटीच कमी करा’ असं आश्रमशाळांतल्या, म्हणजे निवासी शाळांतल्या, मुलांबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. मी पुण्याहून आंबेगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत महिन्यातून एकदा जायचे. तिथला सहावीतला एक मुलगा, बाप डोळ्यांदेखत गेलेला. आई आली की हा तिच्याशी बोलायचाच नाही. ती एसटीत बसली की रात्री अंथरूण ओलं. तिला वाटलं पोरगं रुसलंय, तिनं येणंच कमी केलं. हा रुसवा नव्हे, पुन्हा एकटं पडण्याची धास्ती आहे, हे तिला सांगितलं ते शाळेत वरकाम करणाऱ्या कामाठी मावशींनी. (आम्ही शिकलेले नुसते फॉर्म भरत होतो.) मग आई जाताना पुढच्या भेटीची तारीख त्याच्याच हातानं कालनिर्णयवर गोल करून घ्यायला लागली. अंथरूण लगेच सुकलं नाही, पण तो बोलू लागला.

आणि मुलांचं वसतिगृह सांभाळणारी अधीक्षिका? रात्री तीनदा उठून चादरी बदलायच्या, सकाळी हजेरी, धान्याचा हिशेब. तिचा आवाज चढला की आपण कायदा काढतो. काढावाच; शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पण तिच्या झोपेचं काय? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो तिच्यासाठीही आहे. आम्ही तो नंबर पाण्याच्या टाकीवर रंगवून घेतला. रेंज तिथंच येते.