विषय: रेवाचा जन्मदाखला – अपोस्टिल (परदेशासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) आधी की भाषांतर?

मेधा (नागपूर)
मंडळी, रेवा फ्रान्सला शाळेत इंग्रजीची सहाय्यक म्हणून जातेय, तिचं आरेते (नेमणूकपत्र) परवा आलं. लील अकादमी (तिथला शिक्षण विभाग), दोन कोलेज (माध्यमिक शाळा), 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल. अडलंय ते जन्मदाखल्यावर. आहे तो हाताने लिहिलेला, फक्त मराठीत, आणि जपून राहावा म्हणून वहिनीने लॅमिनेट करून ठेवलेला. सीताबर्डीवरचे एक भाषांतरकार दोन दिवसांत फ्रेंच करून देतो म्हणतात. देऊन टाकू का? मुंबईची व्हिसाची तारीख 19 आहे, विदर्भ एक्सप्रेसचं तिकीटही काढलंय.

सुनंदाताई
मेधा, देऊ नकोस. आणि 19 तारखेचा धसका घेऊ नकोस. व्हिसाला मुख्य कागद आरेतेच. जन्मदाखला लागतो तो इथे फ्रान्समध्ये आल्यावर, सेक्युरिते सोसियालच्या (सरकारी आरोग्यविम्याच्या) नोंदणीला.

लॅमिनेट केलेल्या कागदावर अपोस्टिल होत नाही. राज्य शासनाचा शिक्का आणि परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर कागदाच्या पाठीवर लागतं. प्लास्टिकवर शाई धरत नाही. इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवायला जाऊ नका, अक्षरं त्याच्याबरोबर निघून येतात. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून नवी प्रत काढा, मराठी-इंग्रजी दोन्हीत असलेली. जुन्या दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख आधी उतरवून न्या, त्यावरून रजिस्टर सापडतं. दोन प्रती घ्या.

मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग अपोस्टिल. परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट अर्ज घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच जातं. भाषांतर सगळ्यात शेवटी.

विनय
ताई, अपोस्टिलचा एवढा घोळ कशाला? तिथल्या आरोग्यविम्याच्या बऱ्याच सीपीएएम कचेऱ्या भारतीय दाखल्यावर अपोस्टिल बघतही नाहीत. फ्रेंच भाषांतर जोडलं की फाईल पुढे जाते. पोरीला ऐन तयारीच्या दिवसांत मुंबईच्या खेपा कशाला घालायला लावता?

सुनंदाताई
विनय, "बऱ्याच" म्हणजे सगळ्या नव्हेत. एखाद्या कचेरीने मागितलंच तर मूळ दाखला कुरियरने नागपूरला पाठवायचा, तिथून मुंबई, मग परत लील. तोवर सेक्युरिते सोसियालचा नंबर तात्पुरताच राहतो, कार्त व्हिताल (आरोग्यविम्याचं कार्ड) मिळत नाही. भारतात असतानाच करून घेतलेलं बरं. आणि खेपा कसल्या? एजन्सी कुरियरने कागद घेते.

आता भाषांतराबद्दल. फ्रान्समधल्या अपील न्यायालयाच्या यादीतला शपथबद्ध भाषांतरकारच हवा. नागपुरातल्या माणसाचं फ्रेंच कितीही उत्तम असो, त्यांचा शिक्का इथे चालत नाही. मराठीचे शपथबद्ध भाषांतरकार इथे शोधूनच काढावे लागतात, इंग्रजीचे जागोजागी आहेत. नवी प्रत दोन भाषांत घ्या म्हणाले ती त्यासाठीच.

क्रमही सांगते, कारण दरवर्षी इथेच चुकतं. अपोस्टिलवर वर "Apostille" असा फ्रेंच मथळा असतो, "1961 चा हेग करार" हेही फ्रेंचमध्येच. खाली दहा क्रमांकांचा मजकूर मात्र आपल्याकडे इंग्रजीत. तोही भाषांतरात यायला हवा. आधी भाषांतर करून नंतर अपोस्टिल लावलं तर ते दहा मुद्दे भाषांतराबाहेर राहतात आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात. स्कॅन दोन्ही बाजूंचा पाठवायचा. लोक पुढचीच बाजू पाठवतात.

गौरी
जन्म नागपुरातलाच ना? पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर नोंद तिथल्या नगरपालिकेत असते. नागपूर महापालिकेत कितीही शोधलं तरी सापडायची नाही. पासपोर्टवरचं जन्मस्थळ आणि दाखला जुळतात का तेही बघा. जन्मगाव वर्धा आणि पासपोर्टवर नागपूर, असे घोटाळे पुष्कळ असतात. इथल्या कायम नंबरात लिंग, जन्मवर्ष, महिना, मग परदेशी जन्माचे 99 आणि भारताचे 223 असे आकडे बसतात, म्हणून ही माहिती ते नीट तपासतात.

मेधा (नागपूर)
जन्म धंतोलीतल्या दवाखान्यातला, पासपोर्टवरही नागपूरच. पण पासपोर्टवर नाव "रेवा प्रमोद" आणि दाखल्यावर नुसतं "रेवा". हे चालेल का?

गौरी
आपल्या दाखल्यात वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात असतं, त्यामुळे सहसा अडत नाही. आरेतेवर काय छापलंय ते बघ. तिथे "प्रमोद" गळलं असेल तर आजच अकादमीला पासपोर्टची प्रत जोडून मेल करा. व्हिसा, बँक, पगार सगळं त्याच नावावर चालतं. फॉर्म भरताना पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने.

विनय
बरं, ताईंचा क्रम मान्य. पैशाचं मात्र आत्ताच सांगून ठेवा. महिना सुमारे 800 युरो, आणि पहिला पगार ऑक्टोबरअखेर मिळेलच असं नाही. कागद उशिरा पोचले तर नोव्हेंबरअखेर येतो, मध्ये मागितली तर थोडी उचल मिळते. पहिल्याच दिवशी शाळेत प्रोसे-व्हेरबालवर (रुजू झाल्याच्या कागदावर) सही करून घ्यायची. ते आणि बँकेचा रिब (खात्याचा तपशील) त्याच आठवड्यात द्यायचा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तूसँची दोन आठवड्यांची सुट्टी लागते, मग शाळेच्या कचेरीत कोणी भेटत नाही. दोन महिन्यांचं भाडं आणि अनामत एवढी रक्कम जवळ ठेवूनच निघा. आठवड्याला 12 तास ऐकून दुसरं काम धरायचा विचार असेल तर थांबा. दोन कोलेज म्हणजे तास विखुरलेले, त्यात बुधवारी दुपारनंतर बहुतेक ठिकाणी शाळाच नसते. दोन्हीकडच्या इंग्रजीच्या शिक्षकांना एकाच मेलमध्ये घेऊन वेळापत्रक जुळवायला सांगा.

अजितकाका (खजिनदार)
लीलमधल्या खोल्यांची यादी माझ्याकडे आहे. आपल्या या मेल-यादीवर घरमालकांचे नंबर टाकू नयेत, गेल्या वर्षी त्यावरून काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मेधाताईंनी मला स्वतंत्र मेल करावा. रेवा तिशीच्या आतली आहे, तेव्हा विजालची हमी (भाड्याला जामीन) आधी काढून ठेवा. फुकट आहे, आणि ती दाखवल्याशिवाय खोली मिळणं कठीण.

सुनंदाताई
अजित, यादी पाठवताना 1 ऑक्टोबरला खरंच रिकाम्या होणाऱ्या खोल्याच पाठव. मेधा, आणखी एक. व्हिसा मिळाला तरी इथे पोचल्यावर 3 महिन्यांच्या आत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, नाहीतर इथलं राहणं बेकायदा ठरतं.

मेधा (नागपूर)
उद्या सकाळी प्रमोददादा जुना दाखला घेऊन महापालिकेत जातोय. भाषांतरकारांना नको म्हणून कळवलं. आरेतेवर "प्रमोद" खरंच नाहीये, अकादमीला मेल आत्ता करतेय. गौरी, फ्रेंचमध्ये दोन ओळी लिहून देशील?