जुनी ओव्हरलॉक बदलताना

ताई, तुमच्या काळ्या तीन धाग्यांच्या ओव्हरलॉकचे (कापडाची कड कापून ती धाग्यांनी बांधणाऱ्या मशीनचे) लूपर, म्हणजे खालून धागा गुंफणारे आकडे, झिजलेत आणि टी-शर्टच्या कडा लाटांसारख्या येतात, असं तुम्ही लिहिलंय. लूपर बदलून टाके सुटायचे थांबतील, पण लाटा जाणार नाहीत. त्या मशीनला डिफरन्शियल फीडच नसतं.

नवीन घेताना मी आधी तेच बघेन. यात कापड पुढे सरकवणाऱ्या दातांचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने चालतात. बऱ्याच घरगुती मशीनवर हे प्रमाण ०.७ ते २ पर्यंत बदलता येतं. होजियरीला, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला, १ च्या वर न्या, कड सपाट बसते. जॉर्जेट चुण्या घेत असेल तर १ च्या खाली. दुकानात जाताना टी-शर्टचा तुकडा सोबत न्या आणि ताणाच्या दिशेने शिवून बघाच.

तुम्हाला कुणीतरी कारखान्याची मशीन सुचवलीय. दिवसभर ऑर्डरी असतील तर उत्तम, पण तिला स्वतःचं टेबल लागतं आणि सुयाही वेगळ्या. घरच्यासाठी चार धाग्यांची, साध्या मशीनच्या सुया चालणारी घ्या. एक सुई काढली की तीच तीन धाग्यांवर चालते. म्हापशात किंवा मडगावात मेकॅनिक कोण, कड कापणारी सुरी बदलायला मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

आणि गोव्यातला पावसाळा! सुरीजवळचा कापूस रोज ब्रशने काढा. तो ओल धरतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.