मदत हवी आहे: तळ्यात ऑक्सिजन भरपूर, जाळ्यात मात्र फक्त लाल अळ्या

नमस्कार मंडळी,

जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एक ओढा आणि त्याच्या कडेलाच असलेलं एक तळं घेतलंय. अहवाल द्यायला तीन आठवडे उरलेत आणि आकडे एकमेकांशी भांडताहेत.

दर शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास जाते. विंकलर पद्धतीने (रसायनं घालून, मग टायट्रेशन म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजणं) विरघळलेला ऑक्सिजन काढते, मीटरने पीएच, सेकी डिस्कने (पाण्यात सोडायची तबकडी) पारदर्शकता, आणि अर्धा मिलिमीटर जाळीच्या हातजाळ्याने तीन मिनिटं पाणकिडे. ओढ्यात लिटरला 7.4 मिलिग्रॅम ऑक्सिजन. दगड उलटला की खाली चिकटलेल्या चपट्या मेफ्लायच्या (भरपूर ऑक्सिजन लागणारा नाजूक किडा) अळ्या, वाळूकणांची नळी अंगावर घेऊन सरपटणाऱ्या कॅडिस किड्याच्या अळ्या, सगळं पुस्तकात असतं तसं.

तळ्याचं पाणी हिरवंगार. सेकी 30 सेंटिमीटरवरच दिसेनाशी होते. तापमान 29 अंश, पीएच 9.1 आणि ऑक्सिजन चक्क 11.8! आणि जाळ्यात काय? कायरोनोमस या न चावणाऱ्या माशीच्या लालभडक अळ्या, ट्युबिफेक्स या बारीक लाल गांडुळांचे पुंजके, डासांच्या अळ्या, दोन पाणविंचू. मेफ्लाय औषधालाही नाही.

मार्गदर्शक म्हणतात, 29 अंशांना पाण्यात साधारण 7.7 मिलिग्रॅमच मावतो, तुझं टायट्रेशन चुकलंय. पुन्हा केलं, 11.5 आलं. हा आकडा गाळून टाकू का?

(पहिल्या शनिवारच्या किड्यांच्या बाटल्यांवरची पेनाने लिहिलेली नावं अल्कोहोलमध्ये धुऊन गेली, त्यामुळे तो दिवस असाही बाद आहे. हसू नका.)

प्रतिसाद १

हसत नाही, सगळ्यांचं एकदा होतं. पुढच्या वेळी कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची. शिसं अल्कोहोलमध्ये उतरत नाही.

आकडा अजिबात गाळू नकोस. 7.7 म्हणजे हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात जितका ऑक्सिजन राहतो तितका. भर उन्हात शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं, तेव्हा ऑक्सिजन हवेत निसटण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने तयार होतो आणि पाणी दीडशे टक्क्यांवर जाऊ शकतं. तुझा 9.1 पीएचही तेच सांगतोय. शेवाळाने कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला की पीएच चढतो. पीएचचं मीटर आणि टायट्रेशनची नळी (ब्युरेट) एकमेकांना विचारून चुकत नाहीत.

आता रात्रीचं बघ. ऊन गेलं की शेवाळ, जिवाणू, मासे सगळेच फक्त श्वास घेतात. ऑक्सिजन उतरत जातो आणि सूर्योदयाच्या थोडं आधी तळ गाठतो. मेफ्लायला रोज पहाट काढायची असते, तिला दुपारच्या 11.8 चा काय उपयोग? तुझ्या जाळ्यातली यादी पुन्हा वाच. लाल अळ्यांचा आणि ट्युबिफेक्सचा रंग हिमोग्लोबिनचा आहे, अगदी कमी ऑक्सिजनवरही त्यांचं भागतं. डासाची अळी आणि पाणविंचू तर शेपटाकडची नळी पृष्ठभागाला लावून हवेतूनच श्वास घेतात. पाण्यात सतत भरपूर ऑक्सिजन लागणारं त्या यादीत कोणीच नाही.

पहाटे नमुना घे. प्रयोगशाळा उघडी लागत नाही. ऑक्सिजन बाटलीतच बांधून ठेवणारी मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही द्रावणं काठावरच घाल, तपकिरी साका बसू दे, बाटली अंधारात ठेव आणि सकाळी उरलेलं काम कर.

प्रतिसाद २

वरच्यांशी बव्हंशी सहमत, पण दोन ठिकाणी पाय घसरतोय.

एक, ओढ्यात दगड आहेत आणि तळ्यात चिखल. ती चपटी मेफ्लाय वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारी. ऑक्सिजन कितीही असला तरी तळ्याच्या गाळात ती मिळणार नाही. म्हणजे तिच्या गैरहजेरीचा ठपका सरसकट ऑक्सिजनवर ठेवता येत नाही. दोन्हीकडे काठाच्या पाणवनस्पतींमध्येच जाळं फिरवून तुलना कर. आणि तळ्याला बीएमडब्ल्यूपी गुण (पाणकिड्यांवरून पाण्याची प्रत ठरवणारे) लावले असशील तर काढून टाक, ती मोजपट्टी वाहत्या पाण्यासाठी आहे.

दोन, बाटली वरच्या पाण्यात भरलीस आणि अळ्या गाळातल्या. सेकी 30 ला गायब म्हणजे तळाशी भर दुपारीही अंधारच. काठीला बारीक नळी बांधून तळाजवळ सोड आणि सायफनने बाटली बुडापासून भर. दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वाहून जाऊ दे, बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो. नळी तोंडाने ओढू नकोस, सिरिंज वापर.

आणखी एक. टायट्रेशनच्या शेवटी निळा रंग गेल्यावर परत येत होता का? येत असेल तर पाण्यातलं नायट्राइट आकडा फुगवतंय अशी शंका घे. तेव्हा अ‍ॅझाइड घातलेलं द्रावण लागतं, पण ते विषारी आहे, प्रयोगशाळेतल्या माणसाकडूनच घे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. निळा रंग परत आला नव्हता, मुद्दाम अर्धा मिनिट बाटली धरून बघितली.

काल भावाला उठवून पावणेसहाला तळ्यावर गेले. पाणी अगदी शांत, आणि विजेरी मारली तर काठाला पन्नासेक मासे तोंडं वर काढून पृष्ठभागाशी मचमच करताहेत. तेव्हाच कळलं. वरच्या बाटलीत साका नेहमीच्या तपकिरीऐवजी फिकट पिवळट. तळाच्या बाटलीत जवळजवळ पांढराच, म्हणजे ऑक्सिजन नावालाच. वर 2.1, तळाला 0.6. ओढा त्याच वेळी 7.1.

पाणवनस्पतींमध्येही जाळं फिरवलं. ओढ्याच्या काठाला मेफ्लाय आहेत, चपट्या नाहीत, दुसऱ्या, पोहणाऱ्या. तळ्याच्या काठाला इतक्या वेळात एक टाचणीची (चतुराच्या जातकुळीतल्या किड्याची) अळी. म्हणजे दगडांचा मुद्दा बरोबर होता आणि ऑक्सिजनचाही, आता अहवालात दोन्ही वेगळे मांडते.

मार्गदर्शकांना वही दाखवली. बराच वेळ बघत होते. मग 11.8 भोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "मध्यरात्री किती असेल?"

भाऊ आत्ताच नाही म्हणालाय.