नव्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आडव्या रेषेने खोडलेले दिसते. याचा अर्थ काय?

कास्तकार, दारव्हा तालुका
पीककर्जासाठी मागच्या आठवड्यात पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला. जुन्या उताऱ्यावर आजोबांचे नाव कंसात होते. या उताऱ्यावर त्याच नावावरून आडवी रेषा गेलेली आहे. ते वारल्यावर वारस फेरफार (वारसांच्या हक्काची नोंद) होऊन वडिलांचे व दोन्ही काकांचे नाव लागले होते. बँकेतील बाबूने मात्र ‘खोडाखोड असलेला उतारा चालत नाही’ असे सांगून कागद परत केला. आईने त्या रेषेवर बोट ठेवून ‘आपलं वावर कापलं का?’ असे विचारले, तेव्हा मलाही उत्तर देता आले नाही.

निवृत्त पटवारी
वावर जागेवरच आहे. २०२० मध्ये शासनाने गाव नमुना सातचे, म्हणजे सातबाऱ्यातील हक्कांच्या भागाचे, स्वरूप बदलले. मयत खातेदार, कमी झालेला बोजा (जमिनीवरील कर्जाची नोंद) यांसारख्या ज्या नोंदी पूर्वी कंसात टाकल्या जात, त्यांवर आता आडवी रेषा मारली जाते. खाते क्रमांक पूर्वी इतर हक्कांच्या रकान्याजवळ असे, तो आता नावासमोर आला. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे छापले जाते, म्हणून १.६२ ऐवजी १.६२.०० दिसले तरी आराजी तेवढीच, म्हणजे चार एकर. बाबूला शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक दाखवा, तोही आता उताऱ्यावर छापलेला असतो. ‘प्रलंबित फेरफार’ यापुढे ‘नाही’ लिहिले आहे ना, एवढे मात्र स्वतः पाहून घ्या.

वणीकर
रेषेपेक्षा मला कंस बरा वाटायचा. आमच्याकडच्या झेरॉक्समध्ये ती बारीक रेषा उमटतच नाही आणि मयत माणूस कागदावर पुन्हा जिवंत होतो! म्हणून झेरॉक्स न देता मूळ प्रत द्यावी. तिच्यावरील क्यूआर कोडवरून खातरजमाही करता येते.

वकील, पुसद
एक गोष्ट स्पष्ट असावी. स्वरूप नवे असो वा जुने, सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, परंतु केवळ नोंदीमुळे मालकी मिळत नाही आणि केवळ रेषेमुळे ती जातही नाही. हक्काचा आधार खरेदीखत, वाटणी किंवा वारसा हाच असतो. हस्तलिखित उताऱ्यावरून संगणकात घेताना नाव किंवा क्षेत्र चुकले असेल, तर जुन्या उताऱ्याची व फेरफाराची नक्कल जोडून कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. भावांमधला हिश्शाचा वाद मात्र लेखनप्रमाद म्हणून तिथे मिटत नाही.

कास्तकार, दारव्हा तालुका
आपल्या सांगण्यावरून उतारा पुन्हा वाचला. प्रलंबित फेरफार ‘नाही’ आहे. पण सोसायटीचे जे कर्ज वडिलांनी केव्हाच फेडले, त्याच्या बोजावर रेषा नाही. तो अजून चालूच दिसतो. कर्ज बाकी नसल्याचा निरंक दाखला घेऊन सोमवारी साझ्यावर, म्हणजे पटवाऱ्याच्या कार्यालयात, जातो.