'झोन ऑफ कंट्रोल'ला मराठीत काय म्हणाल?

रामदासपेठी:
मंडळी, नमस्कार. नागपुरात सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर इंग्रज आणि भोसले यांच्यात झालेल्या लढाईवर, म्हणजे २६-२७ नोव्हेंबर १८१७ वर, एक वॉरगेम करतोय. कॉम्प्युटरवरचा नाही, टेबलावर पट मांडून, पुठ्ठ्याच्या सोंगट्या सरकवून खेळायचा. नियम मराठीतच लिहायचे हा माझा हट्ट, आणि तिथेच गाडी अडली.

या खेळात 'झोन ऑफ कंट्रोल' नावाचा एक नियम असतो. सोंगटी ज्या षट्कोनात उभी, त्याला लागून असलेल्या सहाही षट्कोनांवर तिचा अंमल चालतो. शत्रूची सोंगटी तिथे शिरली की तिथेच थांबते. मी 'नियंत्रण क्षेत्र' लिहिलं. पुतण्याने वाचून विचारलं, "काका, इथे हेल्मेट घालायचं का?" दुसरा शब्द सुचवा.

महालातली मावशी:
पगडा. सोंगट्यांच्या खेळात पगडं हे दानच आहे, म्हणजे शब्द पटावरून भाषेत आला. तो पटावर परत न्यायला काय हरकत आहे? आणि 'षट्कोन' कशाला? बुद्धिबळात घर, सारीपाटात घर, मग इथेही घरच. घराला सहा भिंती असल्या म्हणून त्याचं घरपण जात नाही.

रामदासपेठी:
'घर' लगेच घेतलं, मावशी. गंमत म्हणजे या धंद्यातही आधी चौकोनी घरंच होती. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने १९५४ साली 'टॅक्टिक्स' काढला तो चौकोनी घरांचा. १९६१ च्या सुमारास त्याच्याच अ‍ॅव्हलॉन हिलच्या खेळांत षट्कोन आले. चौकोनात तिरपी चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते, तरी एकच घर मोजली जाते. षट्कोनात सहाही बाजूंना अंतर सारखं.

खामल्याचा खवचट:
पगड्याला माझा विरोध. पगडा मनावर बसतो, सावकाश बसतो आणि उतरता उतरत नाही. 'इंग्रजीचा पगडा' म्हणतो ना आपण. टेकडीखाली उभ्या तुकडीचा शेजारच्या नाल्यावर कसला आलाय पगडा? 'वचक'सुद्धा नको, तो आधीच्या कर्तृत्वावर बसतो. इथे हवी जरब. अरबीत मूळ अर्थ फटका, ठोका. जिथवर माझा फटका पोचतो तिथवर माझी जरब. आणि वाक्यात कसा बसतो बघा: "शत्रूच्या जरबेत शिरलात की चाल संपली."

महालातली मावशी:
हरले. जरबच घ्या.

बर्डीवरचा बाळ्या:
राजेहो, एक सांगून ठेवतो. पुस्तिकेच्या पान ४ वर 'लहान टेकडीवर मोर्चा' लिहून ठेवलंय. आमच्या नागपुरात मोर्चा म्हणजे डिसेंबरातला! अधिवेशन लागलं का मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवतात तो. खेळणाऱ्याला वाटन भोसल्यांचे अरब शिपाई निवेदन द्यायले चालले.

रामदासपेठी:
बाळ्याभाऊ, हसून हसून पुरे. पण जुना अर्थ तोच आहे: तोफा लावायची, आडोसा करून मारा करायची जागा. 'मोर्चेबांधणी'त तो अजून जिवंत आहे. तेव्हा एकटा 'मोर्चा' काढून टाकतो आणि सगळीकडे 'मोर्चे बांधणे' असं क्रियापदासकट ठेवतो.

खरी पंचाईत निकालाच्या तक्त्याची आहे. हल्लेखोराचं बळ भागिले बचावाचं बळ, मग फासा, मग तक्त्यात बघायचं. नेहमीच्या खेळांत तिनास एक झालं की हल्ला करण्यासारखा. इथे इंग्रजांकडे दीड हजाराच्या आतबाहेर माणसं आणि त्यांच्याच लिखाणात भोसल्यांची फौज १८,००० च्या घरात! आकड्यांवर सोडलं तर दुसऱ्या दानाला टेकड्या पडतात आणि खेळ खलास. प्रत्यक्षात २७ ला अरबांनी लहान टेकडी घेतली, ती पुन्हा गेली, आणि एवढी फौज समोर असूनही शेवटी इंग्रज टिकले. म्हणजे खेळ बळाचा नाही, मनाचा करावा लागतो. प्रत्येक सोंगटीवर 'मनोबल' म्हणून एक आकडा दिलाय, पण शब्द मेडिकलच्या पत्रकातला वाटतो.

खामल्याचा खवचट:
'धीर' लिहा. धीर ४, धीर २. फाशाचं दान धीरापेक्षा जास्त पडलं तर तुकडीने कच खाल्ली: एक घर मागे. कच खाल्लेल्या तुकडीचा धीर पुन्हा सुटला तर ती मोडली, पटावरून उचला. धीर सुटणे, कच खाणे, फौज मोडणे. तिन्ही पायऱ्या भाषेने आधीच लावून ठेवल्यात, तुम्ही फक्त आकडे भरा.

रामदासपेठी:
काल रात्री हाच तक्ता घेऊन चार डाव खेळलो. पूर्वी भाचीला 'मनोबल चाचणी अनुत्तीर्ण' तीनदा समजावून सांगावं लागायचं. काल तीच ओरडली, "खाल्ली कच!"

आता श्रेयनामावली. या धंद्यात डिझायनर वेगळा, डेव्हलपर वेगळा. पहिला खेळ रचतो. दुसरा तो परक्यांकडून खेळवून घेतो, नियमांतल्या फटी बुजवतो, पसारा छाटतो. 'विकासक' लिहू का?

बर्डीवरचा बाळ्या:
काहून जी? बेसा रोडले प्लॉट पाडून विकणाऱ्याले विकासक म्हणतात. लोक विचारतीन, लेआउट मंजूर हाये का?

महालातली मावशी:
रचना अमक्याची, डागडुजी तमक्याची. थोडं कमीपणाचं वाटतं, पण काम तेच आहे.

रामदासपेठी:
डागडुजी करणारा माझा मित्रच आहे, तो रुसेल. तूर्त 'संपादन' ठेवतो.

'प्री-ऑर्डर'चा प्रश्न मात्र सुटला. जीएमटी या अमेरिकन कंपनीची पद्धत अशी की साधारण ५०० जणांनी नाव नोंदवलं की छपाईला हात घालायचा, आणि पैसे नाव नोंदवताना घ्यायचे नाहीत. आपल्या पुस्तकवाल्यांचं 'प्रकाशनपूर्व सवलत' याच्या जवळचं, पण त्यात पैसे आधी जातात. म्हणून नुसतं 'नावनोंदणी'.

मी मात्र नाव नोंदवून न घेताच नमुन्याचे ५० संच छापायला टाकले. लग्नपत्रिका करणाऱ्या एका छापखान्यात डाय मारून घेतली. पात्याने पुठ्ठा कापताना कागद जेमतेम दीड मिलिमीटर सरकला, आणि सोंगटीच असते दीड सेंटिमीटरची. अरबांचे सगळे 'धीर ५' उजव्या कडेला अर्धे कापले गेले. ५ चं मुंडकं उरलं, शेपूट शेजारच्या तोफेवर.

खामल्याचा खवचट:
म्हणजे छापखान्यातच कच खाल्ली. बरं, 'ग्रोन्यार'चं काय करणार? नेपोलियनच्या जुन्या गार्डातले कुरकुर करणारे शिपाई ते ग्रोन्यार, आणि आता हा खेळ वर्षानुवर्षं खेळणारे, प्रत्येक नियमावर नाक मुरडणारे म्हातारेही ग्रोन्यार.

महालातली मावशी:
त्याला शब्द कशाला, तुमचं नाव आहे की.

रामदासपेठी:
रविवारी चारला माझ्याकडे पट मांडतोय. अरबांच्या सोंगट्यांवर पेनाने ५ काढून ठेवलेत. खवचटकाका, तुम्ही भोसल्यांच्या बाजूने.