मदत हवी आहे: भावाला ८०० मीटर दमानं पळायला कसं शिकवू?

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते आहे. थोडं लांबेल.

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. त्याला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. आम्ही साताऱ्याचे. विशेष शाळेत असताना पळायला लागला आणि आता रोज पहाटे साडेपाचला बूट घालून दारात उभा असतो. बाबा रात्रपाळीला असतात, म्हणून मैदानावर त्याच्याबरोबर मी असते. मी खेळाडू नाही, बँकेत नोकरी करते.

गेल्या महिन्यात स्पेशल ऑलिम्पिक्सच्या (बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या खेळांच्या) पद्धतीची एक स्पर्धा झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तिथे आधी एक प्राथमिक फेरी होते. तिच्यातून कुणी बाद होत नाही. त्या वेळेवरून, वय आणि मुलगा-मुलगी बघून, साधारण सारख्या ताकदीच्या मुलांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाची वेगळी अंतिम फेरी होते. आदल्या दिवशी प्राथमिक फेरीत हा शिट्टी वाजताच सुसाट सुटला. ८०० मीटर म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. त्यातली पहिली ७२ सेकंदांत. दुसऱ्या फेरीत पाय उचलेनात, मधे चाललासुद्धा. ती फेरी १२८ सेकंदांची. एकूण ३ मिनिटं २० सेकंद. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत एक उंच मुलगा सुरुवातीपासून याच्या जरा पुढे एका चालीत पळत होता. हा त्याच्या पाठीला डोळे लावून पळाला आणि शेवटी त्याला मागे टाकून २ मिनिटं ४६ सेकंदांत पहिला आला. मी कठड्याजवळ रडतच होते.

दहा मिनिटांनी टेबलावरून बोलावणं आलं. प्राथमिक फेरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त सुधारणा, म्हणून बाद. याची १७ टक्के होती. मुद्दाम हळू पळून सोप्या गटात शिरू नये म्हणून हा नियम आहे, हे मला समजतं. पण याला मुद्दाम हळू पळणं म्हणजे काय तेच कळत नाही! घरी येताना गाडीवर मागून विचारत होता, "ताई, मी पहिला आलो ना?" मी हो म्हणाले. आला होताच तो पहिला.

तर मूळ अडचण वेग राखण्याची आहे. "अर्ध्या ताकदीनं पळ", "दम राखून ठेव" यातलं काही पोचत नाही. घड्याळ त्याला वाचता येत नाही. हळू म्हटलं की चालतो, पळ म्हटलं की जीव तोडून पळतो. मधलं काही नाही. हे कसं शिकवायचं? आणि बाद होणं टाळता आलं असतं का?

अजून एक. पॅरिसला २०२४ मध्ये दीप्ती जीवनजीनं टी-२० गटात (पॅरालिम्पिकमधला बौद्धिक अक्षमता असलेल्या धावपटूंचा गट) ४०० मीटरचं कांस्यपदक मिळवलं, ५५.८२ सेकंदांत. तेव्हापासून ओळखीचे लोक म्हणतात, याला पॅरालिम्पिकच्या वाटेनं न्या. आमच्याकडे यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आहे आणि बिने-कामत या बुद्ध्यांक चाचणीचा जुना अहवाल आहे. तेवढ्यावर चालतं का?

*

शिट्टीवाला: ताई, मी विशेष शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आधी बाद होण्याचं. प्राथमिक फेरीची वेळ मुलाच्या खऱ्या कुवतीची नसेल तर प्रशिक्षकानं अंतिम फेरीआधी तसं लेखी कळवायचं असतं, सरावातली चांगली वेळ देऊन. तुमच्या प्रशिक्षकांनी ते करायला हवं होतं. यात तुमच्या भावाचा काहीच दोष नाही. पुढच्या वेळी सरावाच्या वेळा तारखांसकट वहीत ठेवा.

आता वेगाचं. तुम्ही जे लिहिलंत तेच बौद्धिक अक्षमतेचं पळण्यातलं रूप आहे. किती अंतर उरलंय, अंगात किती दम उरलाय, याचा पळतापळता मेळ घालणं ही डोक्याची कामगिरी आहे, फुप्फुसाची नाही. १५०० मीटरला ही मुलं मागे पडतात ती बरेचदा इथेच.

शब्दांनी शिकवू नका, जागेनं शिकवा. दर ५० मीटरला एक शंकू ठेवा. २ मिनिटं ४६ सेकंदांसाठी प्रत्येक शंकू सुमारे साडेदहा सेकंदांनी यायला हवा. तेवढ्या वेळानं शिट्टी वाजवा. नियम एकच: शिट्टीला शंकूपाशी असायचं, आधीही नाही, नंतरही नाही. आधी पोचला तर तिथेच जागेवर पळत थांबायचं. दोन आठवड्यांनी शिट्टी दर १०० मीटरला, मग २०० ला, मग बंद. हे कमी करत नेणं विसरू नका, कारण स्पर्धेत शिट्टी चालत नाही आणि बाजूनं कुणाला पळताही येत नाही. तोवर ती चाल पायात बसलेली असली पाहिजे.

आणि त्याला मनापासून आवडणारी गोष्ट कोणती? तिच्यातून शब्द घ्या.

निळीलेन: माझी मुलगी पोहते, ती एस-१४ गटात, म्हणजे पोहण्यातल्या बौद्धिक अक्षमतेच्या गटात. कागदांचं सांगते. आंतरराष्ट्रीय पातळीवर बुद्ध्यांक ७५ किंवा त्याहून कमी, रोजच्या व्यवहारात ठळक मर्यादा, आणि हे वाढीच्या वयापासून असल्याचा पुरावा, या तिन्ही गोष्टी लागतात. यूडीआयडीवर भागत नाही. आम्ही वेक्सलर ही बुद्ध्यांक चाचणी नव्यानं करून घेतली, गुणांच्या तक्त्यांसकट. इतकी कडक तपासणी का, तर २००० साली सिडनीच्या पॅरालिम्पिकमध्ये स्पेनच्या बास्केटबॉल संघातल्या १२ पैकी १० खेळाडूंना अक्षमताच नव्हती. त्यानंतर या मुलांचे सामनेच बंद झाले, ते २०१२ ला लंडनमध्ये परत आले. खोटं बोलले दुसरेच आणि बारा वर्षं आपल्या मुलांची गेली. याचा मला आजही राग येतो.

पण एक स्पष्ट लिहिते, वाईट वाटून घेऊ नका. पॅरालिम्पिकच्या टी-२० मध्ये ८०० मीटर नाहीच. ४०० आणि १५०० आहे, आणि पुरुषांची १५०० मीटर चार मिनिटांच्या आत जिंकली जाते. तिथे बरोबरीचे गट पाडत नाहीत. सध्या आहात तिथेच दोन वर्षं पळू द्या. चाचणी मात्र आत्ताच करून ठेवा.

*

(धागाकर्ती, तीन आठवड्यांनी) दोघांचेही मनापासून आभार.

शिट्टीवाला सर, त्याला एसटी आवडते. स्टँडवरच्या सगळ्या गाड्या तोंडपाठ आहेत. म्हणून पहिली फेरी म्हणजे खंबाटकी घाट ठरवला. घाटात गाडी कशी चालते, विचारलं, तर त्यानं स्वतःच घुर्रर्र आवाज काढून खांदे जड केले आणि तसाच पळाला. शेवटचे २०० मीटर म्हणजे घाट संपला, मोकळा रस्ता. पहिले चार दिवस शंकूपाशी थांबायचा राग यायचा, एक शंकू लाथेनं उडवलाही. काल शिट्टी दर १०० मीटरला ठेवून पहिली फेरी ८० सेकंद, दुसरी ९१. मधे चालला नाही. सगळं वहीत लिहिलंय.

आता नवी अडचण. शेजारच्या लेनमधून कुणी पुढे गेलं की घाट विसरतो आणि त्याच्यामागे सुटतो. ओव्हरटेक करू द्यायचं, हे कसं शिकवू?